गोल फिरण्याचा उपक्रम

रमण केळसकर रागावला की आवाज चढवत नसे. तो चहात साखर घालत असे. पहिला चमचा कुरबुरीचा, दुसरा नापसंतीचा, तिसरा घालायची वेळ वर्षातून एखाद्या वेळी यायची. त्या दिवशी सकाळी मस्कतमधल्या वादी अदाईच्या घरात त्याच्या बायकोने, मंगलाने, त्याला चौथा चमचा घालताना पाहिलं आणि गॅस बारीक करून ती बाहेर आली.

"काय झालं?"

"काही नाही."

"काही नाहीला चार चमचे?"

रमणने टेबलावरचं पत्रक तिच्याकडे सरकवलं. कोकण मित्र मंडळ, मस्कत. ढकलगाडी शर्यत, जानेवारी २०१५. वर अध्यक्ष सागर वाघोलीकर यांचा गॉगलसकट फोटो, आणि खाली मजकूर: 'इंडियानापोलिसच्या जगप्रसिद्ध ट्रॅकप्रमाणे आपल्या मंडळातही यंदापासून रोड कोर्स शर्यत! संकल्पना व जनक: मा. सागर वाघोलीकर. यापूर्वी या मैदानावर गोल फिरण्याचा उपक्रम होत असे.'

मंगलाने शेवटचं वाक्य दोनदा वाचलं. मग साखरेचा डबा उचलून आत नेला.

तो उपक्रम रमणचा होता.

क्रेन आणि फोर्कलिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये रमण सत्तावीस वर्षं होता, त्यातली शेवटची चौदा फोरमन म्हणून. नव्वदच्या दशकात तिथला एक अमेरिकन इंजिनिअर घरी परतताना व्हिडिओ कॅसेटचं एक खोकं मागे सोडून गेला. त्यात इंडियानापोलिसच्या शर्यती होत्या. अडीच मैलांचा लांबट गोल, चार वळणं, चारही डावी. केळशीहून आलेल्या, आयुष्यात सायकलची शर्यतही न लावलेल्या रमणने त्या कॅसेटी झिजेपर्यंत पाहिल्या. दिवसभर बिघडलेल्या यंत्रांशी डोकं लावणाऱ्या माणसाला, जिथे पुढचं वळण कुठल्या बाजूला येणार याची पक्की खात्री आहे असं जग आवडलं, तर त्यात नवल नाही.

मग २००६ साली त्याने आणि जहूर मुकादमने ही शर्यत काढली. जहूर हर्णैचा. मस्कतच्या मत्रह बाजारात त्याचं कुलपं आणि दोरखंडांचं दुकान, घरी बायको रईसा. त्याच्या अर्बाबची, म्हणजे ओमानी मालकाची, मस्कतबाहेर बरकाच्या पुढे उंटांची एक छोटी धावपट्टी होती, कोवळ्या उंटांना पळायला शिकवायची, एक फेरी सातशे मीटरची. शुक्रवारी सकाळी उंटांना सुट्टी असायची, माणसांनाही. अर्बाब म्हणाला, "यल्ला, पळा."

नियम रमणने लिहिले. गाडी भंगारातूनच बनवायची. बसणारा एक, वय सोळा पूर्ण; ढकलणारे दोन. तीन फेऱ्या, सगळी वळणं डावी, आणि संपूर्ण गाडी रेघ ओलांडेल तेव्हाच फेरी पूर्ण. चौथा नियम दुसऱ्या वर्षी आला, कारण सोहार शहराहून आलेल्या पोरांनी गाडीला मागून बांबू लावला होता: ढकलणाऱ्याने हातांखेरीज काहीही वापरू नये, वापरल्यास गाडी बाद.

इंडियानापोलिसला शेवटच्या रेघेवर जुन्या विटांची एक पट्टी जपून ठेवलेली आहे. रमणला तशी पट्टी हवी होती, पण विटा कुठल्या, हा प्रश्न होता. तो जहूरने सोडवला. गावाहून सुट्टी संपवून परतणाऱ्या प्रत्येकाने जांभ्याचा एक तुकडा आणायचा, नारळाएवढा. त्यामुळे नऊ वर्षं मस्कतच्या विमानतळावर आंब्याची पेटी, कोकम, कुळथाचं पीठ आणि त्यांच्याखाली लाल दगड, असं सामान उतरत राहिलं. "हे काय?" असं कस्टमवाल्याने विचारलं की उत्तर ठरलेलं होतं: "आमचं गाव." असे चाळीसेक तुकडे धावपट्टीत आडवे पुरलेले होते. मधला, सगळ्यात पहिला, केळशीचा.

रमणची मुलगी रेवा सात वर्षांची असल्यापासून त्या दगडांशेजारी उलट्या बादलीवर बसून निकाल लिहीत आली होती. कोण पहिला, किती मिनिटं, कोण बाद, का बाद. सगळं इंग्रजीत, एका निळ्या वहीत. यंदा ती सोळाची झाली होती. आणि मार्चमध्ये रमणला साठ पूर्ण होऊन व्हिसा संपत होता. केळसकर कुटुंब कायमचं परतणार होतं. म्हणजे रेवाला गाडीत बसायची ही पहिली संधी होती आणि शेवटचीही. तिच्यासाठी रमणने दोन वर्षं खपून गाडी बांधली होती. त्या गाडीची उजवीकडची चाकं डावीकडच्यांपेक्षा दीड इंच मोठी होती. नुसती ढकलली तरी ती आपणहून डावीकडे झुकायची. नाव 'डावखुरी'.

आणि आता हे पत्रक.

"गोल फिरण्याचा," रमण म्हणाला. "उपक्रम."

त्या गुरुवारी संध्याकाळी रुवीतल्या एका हॉटेलच्या माडीवर कमिटीची बैठक होती. रमण इस्त्रीचा शर्ट घालून गेला. वाघोलीकर विमा कंपनीत मॅनेजर होते, पुण्याहून तीन वर्षांपूर्वी आलेले, आणि तीन वर्षांत त्यांनी मंडळाच्या प्रत्येक गोष्टीला 'संकल्पना' दिली होती. गेल्या वर्षीच्या हळदीकुंकवालाही संकल्पना होती.

"केळसकर, तुम्ही हे पर्सनली घेताय," ते म्हणाले. "काळ बदलतो. तुमच्या त्या इंडियानापोलिसनेच बदल केला ना? मे महिन्यात रोड कोर्स शर्यत घेतली ना त्यांनी, गोलाच्या मधल्या, डाव्या-उजव्या वळणांच्या रस्त्यांवरून?"

"घेतली," रमण म्हणाला. "पण ती पहिली नव्हे. दोन हजार सालीच त्यांनी गोलाच्या पोटात रस्ता काढला. परदेशी गाड्या आल्या, उलट्या दिशेने धावल्या. पाच साली टायरच्या भांडणापायी विसातल्या चौदा गाड्या सुरुवातीलाच आत गेल्या, उरलेल्या सहांची शर्यत झाली, लोकांनी बाटल्या फेकल्या. सात साली ते पाहुणे गेले. मग मोटारसायकली आल्या. मग गेल्या मे महिन्यात घरच्याच गाड्या त्या रस्त्यावर उतरवल्या, तर सगळ्यात पुढची गाडी जागची हललीच नाही आणि मागच्या येऊन तिच्यावर आदळल्या. हा इतिहास आहे, साहेब. पण एवढं सगळं करून गाड्या गेल्या त्याच विटांवरून. आणि शंभर वर्षांच्या शर्यतीला त्यांनी कुठल्याही पत्रकात गोल फिरण्याचा उपक्रम म्हटलेलं नाही."

कमिटीने इतका इतिहास एकदम ऐकला नव्हता. समोसे आले म्हणून बरं झालं.

"दुसरं असं," वाघोलीकर म्हणाले, "की नऊ वर्षं आपण उलटे फिरतोय. प्रदक्षिणा कशी घालतात? देव उजव्या हाताला ठेवून. उलटं कुठे फिरतात, ते मी खाण्याच्या टेबलावर सांगत नाही."

सगळ्यांना कळलं. दोघांनी हातातला समोसा खाली ठेवला.

तेव्हा जहूर घसा खाकरून बोलला. कमिटीत तो सहसा बोलत नसे. "साहेब, मक्केला काबाभोवतीचा तवाफ असाच असतो. डावा खांदा आत. मी दोनदा जाऊन आलोय. नऊ वर्षं आम्हाला वाटत होतं, रमणने आमचा मान ठेवलाय."

"मी अमेरिकेचा मान ठेवला होता," रमण म्हणाला, पण तिकडे कोणाचं लक्ष नव्हतं. शर्यतीतल्या अर्ध्या गाड्या जहूरसारख्या हर्णै-दाभोळ-म्हसळ्याच्या मंडळींच्या होत्या. कमिटीला एसीत घाम फुटला. पाऊण तास चर्चा झाली. कोणाच्याच भावना न दुखावणारा रस्ता शोधायचा होता आणि शेवटी तो सापडला: एक वळसा उजवा, एक वळसा डावा. इंग्रजी आठचा आकडा.

"आठच्या मधे काय असतं?" रमणने विचारलं.

"काय असतं?"

"चौक असतो. जाणाऱ्या आणि येणाऱ्या गाड्या तिथे भेटतात."

"तिथे स्वयंसेवक झेंडा घेऊन उभा राहील," वाघोलीकर म्हणाले. ठराव पास झाला.

"आणि ते वाक्य?"

"कुठलं?"

"उपक्रमाचं."

"ते आता छापून झालंय हो. दोनशे प्रती."

रमणने मनाशी हिशेब केला. दिशा बदलता येत होती, मैदान पिळून त्याचा आठ करता येत होता, देवधर्माचा समझोता समोशांच्या एका बशीत होत होता. दोनशे कागदांवरचं एक खोटं वाक्य तेवढं दगडावरची रेघ होतं. तो उठला. "मग माझी गाडी नाही," तो म्हणाला. "आणि दगड आम्ही लावलेत, ते मी काढून नेतो. उपक्रमाला रेघ कशाला लागते?"

घरी रेवा ते पत्रक घेऊन बसली होती. तिचं मराठी वाचन अक्षराला अक्षर जोडत चाले.

"बाबा, उपक्रम म्हणजे?"

"म्हणजे... ॲक्टिव्हिटी."

"शाळेत असते तशी? वेस्टमधून फ्लॉवरपॉट बनवतात तशी?"

रमणने मान हलवली. त्याला उगाच वाटलं की आता साखरेचा डबा आत नेऊन काही उपयोग नाही.

"पण मी नाइन इयर्स बादलीवर बसले," रेवा म्हणाली. "ती ॲक्टिव्हिटी नव्हती."

"म्हणूनच आपण भाग घेत नाही आहोत."

"तुम्ही नाही. मी आहे. मी सोळाची झाले, रूल तुमचाच आहे. मी जहूरकाकांना विचारलं, ते ढकलणार."

"अगं, ती गाडी उजवीकडे वळत नाही. ती आठ काढूच शकणार नाही."

"माहीत आहे."

"लोक हसतील."

"तुम्हाला," रेवा म्हणाली. "मला ड्राइव्ह करायचंय फक्त. तुम्ही राग करा, मी ड्राइव्ह करते."

मंगला भाजी निवडत होती. ती मान वर न करता म्हणाली, "वाटणी बरोबर आहे."

शर्यतीच्या शुक्रवारी रमण वर्कशॉपमधली पहार घेऊन मैदानावर गेला. हवेत गारवा होता. गोलाच्या पोटात चुन्याने आठचा आकडा आखला होता, त्याच्या सुरुवातीला वाघोलीकरांचा गॉगल असलेली फ्लेक्सची कमान. दोनेकशे माणसं जमली होती, बिर्याणीची पातेली एका पिकअपमधून उतरत होती. रमण त्या सगळ्यांकडे पाठ करून दोनशे पावलं दूर जुन्या रेघेपाशी गेला आणि मधला दगड उकरायला बसला. नऊ वर्षांत तो चांगलाच रुतला होता. पहिल्या दगडाला वीस मिनिटं लागली. निघाला तेव्हा खाली वीतभर खोल खड्डा पडला होता. असे आणखी चाळीस काढायचे म्हणजे मार्च उजाडला असता, हे फोरमनच्या लक्षात आलं होतं. पण रागाचं अंदाजपत्रक कोण काढतं?

तिकडे नारळ फुटला. आठ गाड्या सुटल्या. रमणने बघायचं नाही असं ठरवलं होतं, म्हणून तो उभा राहून बघू लागला.

पहिला वळसा उजवा होता. सात गाड्या उजवीकडे वळल्या. डावखुरी वळली नाही. मागे एकटा जहूर, सत्तावन्न वर्षांचा, दुसऱ्या ढकलणाऱ्याची जागा मोकळी. रेवाने सुकाणू उजवीकडे ओढून पाहिलं, एकदाच, शिष्टाचार म्हणून. मग सोडून दिलं. गाडी चुन्याच्या रेघेवरून डौलात उतरली आणि आपल्या सवयीच्या, उंटांच्या पट्टीवर लागली. प्रेक्षक हसले. कोणीतरी ओरडलं, "काका, ओमान संपलं की थांबा."

तेवढ्यात चौकात जे व्हायचं ते झालं. पुढच्या गाड्या पहिला वळसा संपवून परतल्या तेव्हा मागच्या अजून शिरतच होत्या. झेंडेवाला स्वयंसेवक मोबाइलवर व्हिडिओ काढत होता. तो व्हिडिओ फार स्पष्ट आला असं नंतर सगळे म्हणाले. पाच गाड्या एकमेकींत अडकल्या. कोणाला लागलं नाही, फक्त एक चाक सुटून बिर्याणीच्या दिशेने गेलं. सोहारच्या पोलाद कारखान्यातला शाहबाज आपली गाडी त्या ढिगातून ओढून काढत म्हणाला, "इथे कोण कुठून येतंय तेच कळत नाही. तिकडे निदान सगळे एकाच बाजूला जातायत." आणि त्याचा संघ जुन्या पट्टीवर लागला. त्याच्यामागे आणखी दोन गाड्या. मग प्रेक्षक चालू लागले, आधी थोडे, मग सगळे, जांभ्याच्या रेघेकडे. फ्लेक्सच्या कमानीखाली वाघोलीकर माइक धरून एकटे उरले. "सर्वांनी कृपया रोड कोर्सवर परत यावे," ते म्हणत होते.

डावखुरी पहिली फेरी पुरी करून रेघेपाशी आली. खड्डा मधोमध होता, ती कडेने गेली. जहूरचा चेहरा वांग्याच्या रंगाला पोचला होता.

"रमण," तो धापा टाकत म्हणाला, "तुझा राग... एक फेरी... बाजूला ठेव. नाहीतर रईसाला... काय सांगशील?"

 रेवाने नुसतं मागे वळून मोकळ्या जागेकडे पाहिलं.

रमणने पहार खड्ड्याशेजारी टाकली आणि धावला.

नऊ वर्षं त्याने ही शर्यत बाहेरून पाहिली होती. आतून ती फारच लांब होती. दुसऱ्या फेरीत त्याला गुडघे आहेत हे कळलं, तिसरीत जहूरलाही आहेत हे कळलं. पण गाडी डाव्या वळणांवर अशी फिरत होती की हात लावायची गरज नव्हती; दोन वर्षांचा दीड इंच शेवटी कामाला आला होता. शेवटच्या सरळ पट्ट्यात शाहबाजची गाडी वीस पावलं मागे होती. लोक रेघेच्या दोन्ही बाजूंना दाटले होते, इतके, की कडेने जायला जागाच उरली नव्हती. रेवाने गाडी मधून घातली.

पुढचं डावं चाक बरोबर केळशीच्या खड्ड्यात गेलं.

गाडी थांबली. नाक रेघेपलीकडे, बाकीची अलीकडे. नियम तीन: संपूर्ण गाडी रेघ ओलांडेल तेव्हाच फेरी पूर्ण. रेवाने वाकून खड्डा पाहिला, शेजारी पडलेला लाल दगड पाहिला, मग वडिलांकडे पाहिलं. "हा कोणी केला?" असं तिने विचारलं नाही. जहूर आणि रमणने जोर लावला, गाडी हलेना. मागून शाहबाजच्या चाकाची खडखड जवळ येत होती. रमणने आयुष्यभर अडकलेली यंत्रं सोडवली होती. त्याचा हात विचार न करता पहारेवर गेला. ती चाकाखाली सरकली, एक हिसका, आणि डावखुरी टुणकन उडून रेघेपार झाली. मागोमाग शाहबाज.

लोकांनी गाडी खांद्यावर घ्यायची तेवढी बाकी ठेवली. रेवा उतरली, बादलीपाशी गेली आणि वही उघडून लिहू लागली. लिहिताना थांबली.

"बाबा, तुम्ही काय वापरलं?"

रमणला दम लागला होता. "कशासाठी?"

"गाडी काढायला."

रमणने हातात पाहिलं. "पहार."

"रूल फोर," रेवा म्हणाली.

"अगं सोड गो पोरी," जहूर जमिनीवर बसल्या बसल्या म्हणाला, "खड्डा कुठे होता नियमात?"

रमणचा नेहमीचा संताप वर आला. कोणी हा खड्डा, कोणी हे मैदान, कोणाच्या वाक्यापायी. तो निघाला आणि वाटेतच थांबला, कारण पुढे जायला त्याला माणूस मिळेना. वाघोलीकरांनी दगड उकरला नव्हता. सोहारच्या पोरांना बांबूसाठी बाद करताना ती पोरं हात जोडत होती, तेव्हा त्याने ऐकलं नव्हतं.

"नियम चार आहे," तो म्हणाला. "लिही."

रेवाने लिहिलं. नऊ वर्षांत पहिल्यांदा मराठीत, बहुधा वडिलांना वाचता यावं म्हणून: 'डावखुरी. पहिली आली. बाद. कारण: बाबा.'

बिर्याणीच्या वेळी वाघोलीकर त्याच्या शेजारी येऊन बसले. गॉगल खिशात होता. "केळसकर, कसं आहे," ते म्हणाले, "पुढच्या पत्रकात जुना इतिहासही घ्यावा म्हणतो. सविस्तर. लोकांची तशी इच्छा दिसते. तुम्ही लिहून द्या."

"लिहिलेला आहे," रमणने निळी वही त्यांच्यापुढे ठेवली. "दहाही वर्षांचा. इंग्रजीतलं मंगला भाषांतर करून देईल."

वाघोलीकरांनी पानं उलटली, शेवटच्या पानावर थांबले. माणूस वाईट नव्हता. त्यांनी आवाज खाली आणला. "हे शेवटचं एवढं वगळू या. दोनशे प्रती जातात हो. 'कारण: बाबा' वगैरे..."

"एक शब्द वगळायचा नाही," रमण म्हणाला. "छापलेला इतिहास कसा असतो ते तुम्ही मला दाखवलंत. आता खरा छापा."

रईसाने थर्मासमधून चहा ओतला. "भाऊजी, साखर?"

"एक चमचा," रमण म्हणाला, आणि कप तिथेच ठेवून दगड परत बसवायला गेला.